शेतराखणीसाठी लहान बोअरची दुनळी बंदूक : निवड व विचार

पुणे-सोलापूर रस्त्यास दौंडकडे जाणारा फाटा जेथे फुटतो, तेथे कुरकुंभ हे फिरंगाई देवीचे गाव वसलेले आहे. गावाच्या एका अंगास औद्योगिक वसाहत आहे व दुसऱ्या अंगास मुरमाड माळरान पसरलेले आहे. उत्तरेस भीमेच्या दिशेने जावे तसतशी जमीन भारी होत जाऊन उसाचा पट्टा सुरू होतो. या पट्ट्यात दिवसा दडून बसलेली रानडुकरे रात्री बाहेर पडतात आणि मका, भुईमूग वा कोवळा ऊस यांची नासाडी करतात. माळ्यावर बसून गोफण फिरविणारा राखणदार पाखरांना पुरा पडतो. रात्रीच्या डुकरांपुढे मात्र त्याचा इलाज चालत नाही. अशा वेळी, परवाना काढून एखादी आटोपशीर, हलकी, लहान बोअरची दुनळी बंदूक घ्यावी, असा विचार अनेक शेतकऱ्यांच्या मनात येतो.

बंदूक ही बैलजोडीप्रमाणे वर्षा-दोन वर्षांनी बदलण्याची वस्तू नव्हे. ती एकदा घेतली की बहुधा जन्मभर घरात राहते. चुकीची निवड झाल्यास पैसा वाया जातोच, परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की चुकीच्या हत्याराने शेजाऱ्याच्या मुलास इजा होण्याचा किंवा शेतकऱ्यावरच खटला होण्याचा संभव असतो. म्हणून ही निवड कोणत्या क्रमाने करावी, याचा विचार येथे केला आहे.

१. प्रथम काम ठरवावे

कोणतेही अवजार घेण्यापूर्वी शेतकरी त्याचे काम ठरवितो. बंदुकीच्या बाबतीत हा नियम अधिकच कसोशीने पाळला पाहिजे, कारण पूर्वी बंदुकीने जी कामे होत, त्यांपैकी बहुतेक आज कायद्याने बंद झालेली आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. कुरकुंभच्या माळरानासारख्या गवताळ प्रदेशात आढळणारे चिंकारा व लांडगा, उसात आसरा घेणारा बिबट्या आणि शेताच्या बांधावर फिरणारा मोर हे सर्व या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जवळच बारामती तालुक्यात सुपे येथे असलेले मयूरेश्वर अभयारण्य तर चिंकाऱ्यासाठीच ओळखले जाते. हरणाने हरभरा खाल्ला वा पोपटांनी कणसे कुरतडली, तरी त्यांच्यावर बार काढता येत नाही.

पूर्वी उंदीर, कावळे, वटवाघळे इत्यादी उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची होती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ती अनुसूची काढून टाकण्यात आली. रानडुकरासारख्या प्राण्याने उभ्या पिकाची हानी केल्यास वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळविता येते. त्या परवानगीवाचून त्यास मारणे हा गुन्हाच होय. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्‌हेतूने प्राणी मारावा लागल्यास कायद्याने तो अपराध मानलेला नाही. तथापि मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो.

याचा अर्थ असा की, शेतकऱ्याच्या बंदुकीस आज तीनच कामे उरतात : बार काढून आवाजाने जनावर हाकलणे, प्रसंगी जीवाचे रक्षण करणे आणि लेखी परवानगी असेल तेव्हा रानडुक्कर मारणे. लहान बोअरची बंदूक या तीन कामांस कितपत उपयोगी पडते, हाच खरा प्रश्न आहे.

२. बोअर म्हणजे काय?

छर्ऱ्याच्या बंदुकीचा बोअर मोजण्याची पद्धत जुनी व थोडी उलटी आहे. नळीच्या पोकळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी केली आणि अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरले, तर ती नळी बारा बोअरची. अठ्ठावीस गोळ्यांचा पौंड होत असेल तर ती अठ्ठावीस बोअरची. म्हणून आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. ०.४१० ही मात्र याला अपवाद आहे. तो आकडा नळीचा इंचांतील व्यास दर्शवितो. नेहमीच्या दुनळी बंदुकांची साधारण मापे पुढीलप्रमाणे असतात :

बारा बोअर : नळीचा व्यास १८.५ मिलिमीटर, बंदुकीचे वजन ३ ते ३.२ किलो, छर्ऱ्यांचा भार सुमारे ३२ ग्रॅम.

वीस बोअर : व्यास १५.६ मिलिमीटर, वजन २.६ ते २.८ किलो, भार सुमारे २५ ग्रॅम.

अठ्ठावीस बोअर : व्यास १४ मिलिमीटर, वजन २.३ ते २.६ किलो, भार सुमारे २१ ग्रॅम.

०.४१० : व्यास १०.४ मिलिमीटर, वजन २.२ ते २.४ किलो, आखूड काडतुसात भार सुमारे १४ ग्रॅम.

बारा व अठ्ठावीस बोअरच्या बंदुकांत सुमारे सहाशे-सातशे ग्रॅमचा फरक पडतो. रात्रभर बांधावरून फिरणाऱ्या, विशेषतः उतारवयाच्या किंवा अंगाने किरकोळ असलेल्या माणसास हा फरक चांगलाच जाणवतो. लहान बोअरचे आकर्षण येथून निर्माण होते.

३. हलकेपणा आणि धक्का

हलकी बंदूक म्हणजे कमी धक्का, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सारख्याच भाराचे काडतूस हलक्या बंदुकीतून उडविल्यास धक्का उलट वाढतो. प्रसिद्ध इंग्रज बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने एक साधा ठोकताळा सांगितला जातो : बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या भाराच्या ९६ पट असावे. त्या हिशेबाने ३२ ग्रॅम भारासाठी सुमारे ३.१ किलो, २५ ग्रॅमसाठी २.४ किलो आणि २१ ग्रॅमसाठी २ किलो वजन पुरते. अठ्ठावीस बोअरची २.४ किलोची बंदूक म्हणूनच खांद्यास सौम्य लागते. उलट बारा बोअरची अडीच किलोची बंदूक घेऊन तीत पूर्ण भाराची काडतुसे घातली, तर चार-सहा बारांतच खांदा दुखावतो आणि नेम धरणारा चाप ओढताना डोळे मिटू लागतो. डोळे मिटून काढलेला बार कोठे जाईल हे सांगता येत नाही.

४. छर्ऱ्यांची संख्या आणि पल्ला

लहान बोअरचा छर्रा कमी जोराने जातो, हाही एक चुकीचा समज होय. नळीतून सुटताना छर्ऱ्याचा वेग सर्व बोअरमध्ये जवळजवळ सारखाच असतो. फरक पडतो तो संख्येत. इंग्रजी मापाचे सहा नंबरचे छर्रे एका औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये, २७० बसतात. त्यावरून बारा बोअरच्या काडतुसात सुमारे ३००, अठ्ठावीस बोअरच्या काडतुसात २०० आणि ०.४१० च्या आखूड काडतुसात १३५ छर्रे येतात. अर्ध्या चोकच्या नळीतून ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरांवर, ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात यांपैकी शेकडा साठ छर्रे पडतात. म्हणजे बारा बोअरचे १८०, अठ्ठावीसचे १२० व ०.४१० चे जेमतेम ८०. वर्तुळ तेच राहते, परंतु छर्ऱ्यांची जाळी विरळ होते. यामुळे बारा बोअरचा उपयुक्त पल्ला ३५ ते ४० मीटर धरला, तर अठ्ठावीसचा ३० आणि ०.४१० चा २० ते २५ मीटर धरावा.

रानडुकराच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक ठरते. जाड कातडीच्या व मजबूत हाडांच्या या जनावरावर बारीक छर्रे वाया जातात, आणि मोठे छर्रे लहान बोअरच्या काडतुसात फारच थोडे मावतात. परिणामी जनावर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरते. जखमी डुकरामागे उसाच्या सरीत शिरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. म्हणून परवानगी असली तरी रानडुकरासाठी अठ्ठावीस वा ०.४१० बोअर वापरू नये. ते काम बारा बोअरचे आहे आणि ते वन कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, कसलेल्या माणसानेच करावे.

५. काडतूस कोठे मिळते?

बियाणे मिळत नसेल तर तिफण घेऊन उपयोग नाही. हाच न्याय बंदुकीस लागू आहे. आपल्याकडे सर्वत्र प्रचलित असलेला बोअर म्हणजे बारा. त्याची काडतुसे पुणे जिल्ह्यातच, १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. २०२१ मध्ये हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. वीस, अठ्ठावीस व ०.४१० या बोअरची काडतुसे मात्र विक्रेत्यांकडे सहजासहजी नसतात आणि असली तर महाग पडतात. एखाद्याने वारशाने आलेली अथवा स्वस्तात मिळालेली अठ्ठावीस बोअरची सुरेख बंदूक घेतली आणि काडतुसे मिळाली नाहीत, तर ती खुंटीवरची शोभा होऊन बसते. म्हणून सौदा करण्यापूर्वी जवळच्या दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांकडे त्या बोअरची काडतुसे नियमित मिळतात काय, याची चौकशी करावी. मिळत नसल्यास तो विचार सोडून द्यावा.

येथे आणखी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. घरात बारा व वीस अशा दोन्ही बोअरच्या बंदुका असतील, तर त्यांची काडतुसे कधीही एकत्र ठेवू नयेत. वीसचे काडतूस चुकून बाराच्या नळीत घातले तर ते पुढे सरकून आत अडकते. नळी रिकामी आहे असे वाटून मागे बाराचे काडतूस घातले व बार काढला, की नळी फुटते आणि हाताची बोटे जातात. हा घोटाळा टाळण्यासाठीच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला आहे.

६. माप, दस्ता, चाप

बोअर ठरल्यानंतर बंदूक अंगास बसते की नाही हे पाहावे. कोट शिवताना शिंपी माप घेतो, तसेच बंदुकीचेही आहे. डोळे मिटून बंदूक खांद्यास लावावी व मग डोळे उघडावेत. नजर नळ्यांमधील पट्टीवरून सरळ टोकाकडील मण्यावर गेली तर दस्ता योग्य आहे. नजर नळीच्या मागल्या भागावर अडत असेल किंवा मान फार वाकवावी लागत असेल, तर दस्ता कमीजास्त करून घ्यावा. मध्यम बांध्याच्या पुरुषास चापापासून दस्त्याच्या मागल्या टोकापर्यंत साधारण सव्वाचौदा ते साडेचौदा इंच लांबी लागते. आखूड बांध्याच्या माणसास याहून कमी पुरते.

आटोपशीर बंदूक हवी म्हणून नळी फार आखूड घेऊ नये. कायद्याने परवान्याची ही बंदूक वीस इंचांहून कमी नळीची नसावी; परंतु २६ ते २८ इंचांची नळी हातात अधिक स्थिर राहते. नळी कापून आखूड करणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तोंडाशी असलेला चोकही त्याने नाहीसा होतो. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेले किंचित आकुंचन. शेतात जवळच्या अंतराचेच काम असल्याने एक नळी मोकळी व दुसरी अर्ध्या चोकची असणे सोयीचे. दोन नळ्यांस दोन चाप असलेली साधी रचना खेडेगावात उत्तम. एक चाप बिघडला तरी दुसरी नळी चालते व दुरुस्तीही सोपी असते. उडालेले काडतूस आपोआप बाहेर फेकणारी योजना महाग असते आणि शेतराखणीस तिची गरज नाही.

दुनळीचा मोठा गुण असा की, ती मधून मोडून उघडता येते आणि आत काडतूस आहे की नाही हे दुरूनही दिसते. राखणीच्या कामात हा गुण पल्ल्याहून अधिक मोलाचा आहे.

७. जुनी बंदूक घेताना

बहुतेक लहान बोअरच्या बंदुका जुन्याच मिळतात. त्या घेताना पुढील तपासणी करावी. बंदूक बंद करून, दस्ता धरून हलवावी. सांध्यात खडखड जाणवल्यास घेऊ नये. नळ्या काढून उजेडाकडे धरून आतून पाहाव्यात. गंजाचे खड्डे, पोक किंवा फुगवटा दिसल्यास ती नाकारावी. नळीवरील चाचणीचा शिक्का, बोअर व काडतुसाच्या खोलीची लांबी पाहावी. जुन्या पुष्कळ बंदुकांची खोली ६५ मिलिमीटरची असते. तीत ७० मिलिमीटरचे काडतूस बसते, पण उडताना दाब धोक्याच्या पातळीस जातो. ज्या नळ्यांवर पाण्यावरील लाटांसारखी नक्षी दिसते, त्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या असतात. आजच्या धूरविरहित दारूची काडतुसे त्यांत वापरू नयेत. शेवटी, बंदुकीवरील क्रमांक परवान्यातील क्रमांकाशी ताडून पाहावा व जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

८. परवाना

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम १३ या बाबतीत अर्थपूर्ण आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कायद्याने प्रथम ठासणीच्या बंदुकीचा विचार केला आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच पीकसंरक्षणासाठी अन्य छर्ऱ्याच्या बंदुकीचा परवाना देता येतो. म्हणून दुनळी मागणाऱ्याने आपल्या शेताचे क्षेत्र, पीक, झालेली हानी व तिचे पंचनामे यांसह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. शस्त्र नियम, २०१६ नुसार सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण व सुरक्षित साठवणुकीची हमी या बाबी महत्त्वाच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, आणि एका व्यक्तीस जास्तीत जास्त तीनऐवजी दोन बंदुका बाळगता येतात. लग्नात वा वरातीत आनंदाने बार काढण्यासही त्याच दुरुस्तीने शिक्षा ठेवली आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. परवानाधारक मरण पावल्यास बंदूक आपोआप मुलाची होत नाही. वारसाने ती जमा करून स्वतःच्या नावे परवाना मागितला पाहिजे.

ठासणीच्या बंदुकीस कमी लेखण्याचे कारण नाही. नुसत्या दारूचा बार करून जनावर हाकलण्याचे काम ती स्वस्तात करते आणि तिचा आवाज अठ्ठावीस बोअरहून खासच मोठा असतो. मात्र कोणत्याही बंदुकीचा आवाज रोज त्याच जागी व त्याच वेळी झाला की जनावरे त्यास सरावतात. म्हणून वेळ व जागा बदलत राहावी.

९. शिवारातील सावधगिरी

सहा नंबरचा बारीक छर्रा उपयुक्त पल्ल्यापलीकडेही जाऊन सुमारे दोनशे मीटरांवर पडतो. मोठे छर्रे सहाशे मीटरांहून दूर जातात. कुरकुंभच्या शिवारात दोनशे मीटरांत काय काय असते याचा विचार करावा. गाळपाच्या हंगामात उसाच्या कडेला तोडणी कामगारांच्या कोप्या असतात, आणि त्यांत मुले निजलेली असतात. माळावर मेंढपाळांचा वाडा उतरलेला असतो. औद्योगिक वसाहतीकडील रस्त्यावर पाळीचे कामगार रात्री-अपरात्री ये-जा करतात, आणि वसाहतीत ज्वालाग्राही पदार्थांचे साठे असतात. म्हणून वसाहत, रस्ता, वस्ती व कोपी यांच्या दिशेने नळी कधीही वळवू नये. उसात सळसळ झाली एवढ्यावरून बार काढू नये. सळसळ करणारा प्राणी असेल, तसाच पाणी धरण्यास आलेला शेजारीही असेल.

बांध, ओढा वा कुंपण ओलांडताना बंदूक उघडून काडतुसे काढावीत. घरी बंदूक व काडतुसे निरनिराळ्या कुलपांत ठेवावीत. वापरानंतर नळी पुसून तेलाचा हलका हात द्यावा. पावसाळ्यात हे दर आठवड्यास करावे. बिबट्या दिसल्यास बंदूक घेऊन त्याच्या मागे जाऊ नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, मुलांना एकटे सोडू नये व रात्री जनावरे बंद गोठ्यात बांधावीत.

१०. निष्कर्ष

वरील सर्व गोष्टींचा ताळा केला असता पुढील क्रम हितावह दिसतो. ज्यास केवळ जनावरे हाकलावयाची आहेत, त्याने ठासणीच्या बंदुकीवर समाधान मानावे. ज्यास जीवाच्या रक्षणासाठीही दुनळी हवी, त्याने सहज मिळणाऱ्या काडतुसांची, अंगास बसणारी, तीन किलोच्या आसपासची बारा बोअरची बंदूक घ्यावी. वजन खरोखरच झेपत नसेल आणि काडतुसांची सोय पक्की असेल, तर वीस बोअरचा विचार करावा. अठ्ठावीस व ०.४१० या बंदुका दिसण्यास कितीही देखण्या असल्या, तरी त्या निशाणबाजीच्या हौसेस अधिक शोभतात. शेतराखणीस त्यांचा भरवसा धरू नये.

आणि बंदूक कितीही चांगली असली तरी ती राखणीतील शेवटचे साधन आहे. सभोवतीचे भक्कम कुंपण, प्रमाणित यंत्रावर चालणारे सौर कुंपण, बांधावरील साफ केलेली झुडपे, शेजाऱ्यांनी पाळीपाळीने केलेली राखण आणि हानी होताच वन विभागाकडे भरपाईसाठी केलेला अर्ज ही साधने आधी वापरावीत. कुंपणात विजेच्या तारेतून थेट प्रवाह सोडणे मात्र सर्वथा टाळावे. त्यात जनावराआधी माणूस मरतो. एका रात्रीत गेलेले पीक पुढील हंगामात पुन्हा उभे करता येते. अंधारात चुकून सुटलेला बार परत घेता येत नाही, हे बंदूक घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने ती हाती घेण्यापूर्वीच मनाशी पक्के करावे.